आखाजीचे टायर

माझ्या मुलाने बॅटरीवर चालणारी पिकअप घेतली तेव्हा घरात पेढे वाटले होते. साड्यांची पार्सलं सुरतेच्या पांडेसऱ्याहून मार्केटात न्यायची, डिझेलचा खर्च नाही, आवाज तर इतका कमी की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या वाटेतून उठत नाहीत. टायर मात्र तिने भराभर खाल्ले. बॅटरीचं वजन फार, त्यामुळे असं होतं, असं दुकानदाराने सांगितलं. मग एका रविवारी मुलगा मोबाइल घेऊन नवे टायर निवडायला बसला. कोणता वजन झेलेल, कोणता पावसात घसरणार नाही, सगळं मोठ्याने वाचून दाखवत होता. मध्येच म्हणाला, "आई, ही जोडी स्वस्तात मिळतेय. जास्तीची घेऊन माळ्यावर टाकून ठेवतो."

मी इतक्या जोरात "नको" म्हणाले की त्याने मोबाइल खाली ठेवला. आईला टायरमधलं काय कळतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते खरंही आहे. मला टायरमधलं जे काही कळतं ते निंबाआप्पांमुळे. त्याला ते आठवायचं कारण नाही, तो तेव्हा माझ्या कडेवर होता.

निंबाआप्पा गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन सुरतेत आले. गल्लीत सगळी खानदेशातली माणसं, कुणी साक्रीकडची, कुणी शिंदखेड्याकडची, आणि जवळजवळ सगळे पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. आप्पाही आधी लूमवरच होते. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान मंद झाले होते, त्यामुळे ते साधं "चहा झाला का" विचारायचे तेही पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. पुढे त्यांनी लूम सोडलं आणि एक जुना चारचाकी टेम्पो घेतला. लूमच्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचे तागे उचलायचे, पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये टाकायचे, तिथून रंगवलेलं कापड मार्केटात पोचवायचं, हा त्यांचा दिवस. माणूस काडीसारखा, खाकी शर्ट, डोक्यावर टोपी आणि तळहातावर कायम तंबाखू.

त्यांची एक खोड गल्लीत सगळ्यांना पाठ होती. समोर गाडी घेऊन कुणी आलं की ते माणसाकडे बघायच्या आधी टायर बघायचे. हाताची मागची बाजू टायरला लावायचे, पोराला ताप आहे का बघावं तशी. मग वर मान करून "राम राम" म्हणायचे. तोपर्यंत समोरचा माणूस बिचारा हात जोडून उभा. लग्नाला गेले तरी जेवणाच्या पंगतीआधी वऱ्हाडाच्या गाड्यांभोवती एक फेरी व्हायची. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "आधी खाले दख," आधी खाली बघ.

शेजारच्या एकाने मुलीसाठी पोरगा बघितला आणि आप्पांनाही बरोबर नेलं. पोरगा डाईंग मिलमध्ये, घर चांगलं, बोलणं चांगलं. परत आल्यावर आप्पांनी सगळ्यांसमोर नकार सांगितला, कारण पोराच्या स्कूटरचा मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. जो स्वतःचा जीव असा ओढत नेतो तो बायकोला काय जपेल, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या बापाने त्यांचं ऐकलं नाही, लग्न झालं आणि जावई लाखात एक निघाला. गल्लीने आप्पांना यावरून किती छळलं म्हणून सांगू. आप्पा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, लग्नाआधी त्याने टायर बदलला असणार.

गंमत अशी की आप्पांच्या स्वतःच्या टेम्पोचे टायर बघवत नसत. चारही रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवा रबर चढवलेले, आणि तो रबरही टकला झालेला. पांडेसऱ्यात चांगला टायर घालणं म्हणजे पाप, असं ते म्हणायचे. तिथे मिलमधून निळं, लाल, वाफाळतं पाणी रस्त्यावर यायचं आणि त्यात सगळा दिवस टेम्पो उभा असायचा. त्या पाण्यात टायर कुजतो, असा त्यांचा पक्का समज होता. खरंखोटं देव जाणे. त्या पाण्याने आमच्या नवऱ्यांच्या पायांची काय दशा व्हायची ते मी पाहिलं आहे, त्यामुळे मला तो समज पटायचा.

हे सगळं इथपर्यंत राहिलं असतं तर आप्पा म्हणजे गल्लीतला एक विक्षिप्त म्हातारा एवढंच झालं असतं. पण आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळी नसली तरी चालते, आखाजी लागते. आंब्याच्या झाडाला झोके, गौराईची गाणी, आईच्या हातची सांजोरी. आणि नव्या नवरीची पहिली आखाजी तर सासरी काढणं म्हणजे माहेर नसल्यासारखंच. पण लेक अशी एकटी निघत नाही, तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, भाऊ नाहीतर काका. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सासू सुनेला उंबरा ओलांडू देत नाही. गावात हे सोपं होतं. सुरतेत कुणाचा भाऊ येणार? उन्हाळ्यात त्यांच्यामागे शेतीची कामं, येण्याजाण्याचा खर्च, सुरतेत उतरायचं कुठे. भाऊ यायचे नाहीत, आणि मुराळी आला नाही म्हणून सुना राहायच्या. माझी पहिली आखाजी मी गोडादऱ्याच्या पत्र्याखाली काढली. त्या दिवशी मी दोन वेळा स्वयंपाक केला, भांडी घासली, कपडे धुतले आणि मोरीत बसून रडले. आप्पांची बायको, तिला आम्ही जिजी म्हणायचो, तिने ते पाहिलं असावं.

पुढच्या चैत्रात आप्पा गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले आणि म्हणाले, या वर्षी पोरींचा मुराळी मी. टेम्पो स्वच्छ धुतो, मागे गाद्या घालतो, एकेकीला तिच्या माहेरच्या दारात उतरवतो आणि ठरल्या दिवशी तिथूनच घेऊन येतो.

नवऱ्यांची हरकत नव्हती. प्रश्न सासवांचा होता, आणि सासवांमध्ये सगळ्यात कडक माझी. कौतिकबाई तिचं नाव. ती टेम्पोभोवती फिरली, टायरपाशी थांबली आणि म्हणाली, "निंबा, तुनी गाडीना पायमा धड चपला नहीत, आनि मी तिमा मन्ही सून बसाडू?"

साऱ्या जगाचे टायर तपासणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. आप्पा वरमले. मग म्हणाले, "तूच चाल मन्हासंगे. तू सांगशी तेच टायर लिसू."

आणि खरंच, ते तिला टायरच्या दुकानात घेऊन गेले. बरोबर जिजी, आणि सासूची पिशवी धरायला मी. उधन्याच्या रस्त्यावर रमणकाकांचं दुकान होतं. गुजराती माणूस, पांढरंशुभ्र धोतर, सगळा दिवस काळ्या रबरात काढून त्यावर एक डाग नाही. तीन बायका टायर घ्यायला आल्या आहेत हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. सासूने सुरुवात केली ती मडकं घेताना करतात तशी. टायरवर बोटाने टकटक करून कान लावला. आत हात घालून बघितला. वास घेतला. मग एका टायरवरची रबराची बारीक लव पाहून ती दचकली. "याले केस कसा ऊनात?"

"माजी, ए तो नवा टायरनी निशानी छे," रमणकाका म्हणाले. एकदा रस्त्यावर फिरला की ते केस झडून जातात, हे त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं.

आप्पांना पुढच्या चाकांसाठी सरळ रेघांचे टायर हवे होते, डांबरी रस्त्यावर गाडी सरळ धरतात म्हणून. सासूला पसंत पडले ते खोल खाचांचे, दणकट दिसणारे. आप्पांनी तिचीच जोडी बाजूला काढायला सांगितली. शेवटी सही कुणाची चालणार हे त्यांना कळत होतं. मागचे टायर रिमोल्डच, पण जरा धडसे घेतले, आणि पुढे ही नवी कोरी जोडी. परत येताना सासू केबिनमध्ये अशी बसली होती की टेम्पो तिनेच विकत घेतलाय. त्यानंतर ती त्यांना कायम "मन्हा टायर" म्हणायची.

ती आखाजी मी विसरणार नाही. पहाटे निघालो. मागे आम्ही बायका, गाठोडी, दोनतीन लेकरं. बारडोलीला उसाचा रस प्यालो, व्यारा मागे पडलं आणि आम्ही गायला लागलो. आप्पांना काही ऐकू येत नव्हतं म्हणून आम्हाला काही धरबंध नव्हता, सासवांवरची सगळी गाणी म्हणून घेतली. कोंडाईबारीच्या घाटात टेम्पो धापा टाकत चढला आणि पलीकडे उतरल्यावर हवेचा वास बदलला, निदान मला तसं वाटलं. मग एकेक फाटा यायला लागला. प्रत्येक फाट्याला आप्पा टेम्पो आत घालायचे, पार दारापर्यंत. उतरून टोपी सारखी करायचे आणि पोरीच्या आईला म्हणायचे, "माय, तुनी पोर ऊनी. दखी ले." तुझी पोर आली, बघून घे. एवढं झालं की लगेच पुढच्या गावाला. माझ्या आईने त्यांना जेवायला थांबवायचा खूप प्रयत्न केला. ते म्हणाले, अजून टेम्पोत दुसऱ्यांच्या लेकी आहेत.

परत आल्यावर आप्पांनी ती जोडी काढली. धुतली, पुसली, कोऱ्या कापडात गुंडाळली आणि आपल्या खोलीच्या माळ्यावर, पत्र्याखाली नीट रचून ठेवली. टेम्पोला पुन्हा टकले रिमोल्ड चढले आणि पांडेसऱ्याच्या रंगीत पाण्यात उभे राहिले. दसऱ्याला जोडी खाली यायची, हळदकुंकू लागायचं, फूल वाहिलं जायचं, पुन्हा माळ्यावर. जिजी कुरकुरायची की माणसं ओट्यावर झोपतात आणि टायर घरात. पण तिलाही त्याचं कौतुकच होतं. आम्हाला सगळ्यांनाच होतं. लग्नातला शालू आपण रोज नेसत नाही, ट्रंकेत ठेवतो. चांगली वस्तू जपून ठेवायची, वापरून वाया घालवायची नाही, हेच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. टायरला दुसरा नियम असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

एका माणसाच्या आलं होतं. रमणकाकांकडे आप्पा पंक्चर काढायला गेले असताना काकांनी त्या जोडीची चौकशी केली. वर्षातून एकदाच घालतो, हे आप्पांनी अभिमानाने सांगितलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "आप्पा, फरतुं टायर सारुं. मूकी राखेलुं बगडी जाय." फिरता टायर चांगला, ठेवलेला बिघडतो. आप्पांनी ही गोष्ट गल्लीत येऊन हसत हसत सांगितली. गुजराती माणूस आहे, त्याला दुसरी जोडी खपवायची आहे, असं म्हणाले, आणि आम्हीही हसलो.

ज्या वर्षी सुरतेत प्लेगची साथ आली आणि अर्धं शहर रातोरात रिकामं झालं, त्या वर्षी तर त्या जोडीवरचा विश्वास आणखी घट्ट झाला. गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली माणसं पोराबाळांसकट आप्पांच्या दारात आली की आम्हाला गावी पोचवा. कुणीतरी म्हणालं, लांबचा पल्ला आहे, ती नवी जोडी घाला. आप्पांनी मान हलवली. "त्या पोरीसना शेत," पोरींचे आहेत ते, म्हणाले, आणि टेम्पो आहे त्या टकल्या टायरवर काढला. खचाखच भरलेला टेम्पो धुळ्यापर्यंत गेला आणि रिकामा परत आला, वाटेत एक पंक्चर सोडलं तर काही झालं नाही. लोक म्हणाले, रिमोल्डवर हा माणूस एवढं करतो, तर नव्या जोडीवर काय भीती.

आणखी काही आखाज्या अशाच गेल्या. आप्पांचं नाव झालं. लिंबायतहून, पांडेसऱ्याहून बायका यायच्या, आमच्या सुनेला जागा आहे का विचारायला. आप्पा त्यांना माळ्याखाली नेऊन वर बोट दाखवायचे. कापड सोडून टायर दाखवायचे. खाचा अजून खोल, रबर काळा कुळकुळीत. त्यावर ते खोबरेल तेलाचा हात फिरवायचे, चकाकी राहावी म्हणून. सासवा हात लावून बघायच्या आणि होकार देऊन जायच्या.

आमच्याच गल्लीतल्या इंदूबाईंच्या घरी शोभा सून म्हणून आली ती माघात. दहिवेलच्या पुढे एका फाट्यावर तिचं माहेर. सतरा-अठराची पोर, बोलायला लागली की थांबायची नाही, आणि सासू आली की एकदम गप्प. तिची पहिली आखाजी. इंदूबाई माणूस वाईट नव्हती, भित्री होती. तिचा भाऊ पूर्वी गाडीच्या अपघातात गेला होता, तेव्हापासून ती घरच्या कुणालाही लांबच्या गाडीत बसू द्यायची नाही. तिने नाही म्हणून सांगितलं. शोभा आमच्या मोरीत येऊन बसली आणि माझी भांडी घासायला लागली. मला माझी पहिली आखाजी आठवली आणि मीच आप्पांना सांगितलं की तुम्ही एकदा बोलून बघा.

आप्पांनी इंदूबाईंना बोलावलं. जोडी खाली काढली, अंगणात उन्हात ठेवली. मी तिथे होते, जिजी होती, माझी सासूही होती आणि तीही आपल्या टायरची तारीफ करत होती. आप्पा म्हणाले, "हाऊ दख, वहिनी. सालमा एकच डाव चालस. अजून नवाच शे." इंदूबाईंनी खाली बसून बोटं खाचेत घालून बघितली. पूर्ण नख आत जात होतं. दुसरा टायरही तिने तसाच बघितला. मग म्हणाली, "आप्पा, तुमना भरोसावर धाडस," तुमच्या भरवशावर पाठवते.

शोभाला आप्पांनी केबिनमध्ये बसवलं. पहिल्या आखाजीची पोर, तिचा मान. ती डावीकडे खिडकीशी बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत आईसाठी घेतलेली सुरतेची साडी. मागे आम्ही. पोरगा माझ्या मांडीवर झोपला होता. त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता, व्यारा येईपर्यंतच ताडपत्रीखाली बसवेना. शोभाचं बोलणं आम्हाला मागे ऐकू येत होतं. आप्पांना ऐकायला जावं म्हणून ती ओरडून बोलत होती, आणि आम्ही हसत होतो. सोनगढ मागे पडलं. दोन्ही बाजूंना सागाची झाडं होती.

आवाज मोठा झाला, पण आम्हाला आधी वाटलं मागचा फुटला. पण फुटला होता पुढचा डावा, नव्या जोडीतला, आणि टेम्पो डावीकडे ओढला गेला. आप्पांनी स्टिअरिंग उजवीकडे ताणलं असणार, ते नंतर कित्येक दिवस खांदा हलवू शकत नव्हते. टेम्पो रस्त्याखाली उतरला आणि डाव्या बाजूने सागाच्या बुंध्यावर गेला. मला कपाळाला टाके पडले. मुलाला ओरखडाही नाही. मागच्या बायकांना मुका मार, एकीचा हात मोडला. शोभाला बाहेर काढायला वेळ लागला. नवापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

एसटीडीच्या दुकानावरून सुरतेला निरोप गेला. तिचा नवरा आणि सासरा निघाले. पोलिसांनी आप्पांचा जबाब घेतला, टेम्पो ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हजर राहायच्या बोलीवर त्यांना सोडलं. बाकीच्या बायकांना त्यांच्या त्यांच्या माहेरचं कुणी ना कुणी येऊन घेऊन गेलं. शोभाच्या गावात फोन नव्हता. तिथे कळवायला कुणाला तरी जावं लागणार होतं. एक पोलीस जातो म्हणाला. आप्पा म्हणाले, मुराळी मी आहे, मीच जाईन. माझं माहेर त्याच रस्त्याला होतं, म्हणून मी मुलाला घेऊन त्यांच्याबरोबर एसटीत बसले. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता का? आला होता. त्यांच्याशेजारी बसवत नव्हतं आणि उठून दुसरीकडे बसण्याची हिंमतही नव्हती.

फाट्यापासून गाव जवळ होतं. ऊन उतरायला लागलं होतं. घराच्या अंगणात आंब्याला झोका बांधलेला, गल्लीतल्या मुली त्यावर बसलेल्या. शोभाची आई आम्हाला पाहून पदर सावरत पुढे आली, हसली, आणि आमच्या पाठीमागे बघायला लागली. माझ्या कपाळाची पट्टी तिला दिसली तेव्हा तिचं हसू थांबलं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना मोठ्याने बोलायची सवय, पण ते इतक्या हळू बोलले की मलाही कष्टाने ऐकू आलं.

"माय, तुनी पोर माले आनता ऊनी नही."

त्यानंतर त्या अंगणात जे झालं ते मी लिहिणार नाही. शोभाच्या बापाने आप्पांना मारलं. ते मार खात उभे राहिले. मी मधे पडले तेव्हा त्यांनीच मला बाजूला केलं.

महिन्याभराने टेम्पो सुटून आला. आप्पा फुटलेला टायर घेऊन रमणकाकांकडे गेले. माझा नवरा बरोबर होता, त्याने सांगितलेलं मी सांगते. काकांनी टायर आतून बाहेरून बघितला. रबर दाबला तसा आतून बारीक बारीक भेगा उघडल्या आणि दोरे भुसभुशीत होऊन निघाले. बाहेरून खाचा अजून तशाच खोल होत्या. काकांनी टायर खाली ठेवला, धोतराला हात पुसले, त्यांच्या धोतरावर पहिल्यांदाच काळे डाग पडले, आणि म्हणाले, "खीलो वाग्यो हशे, आप्पा." खिळा लागला असेल.

आप्पा म्हणाले, "खीला नहीं था, काका. मैंने देखा."

काका पुन्हा म्हणाले, खिळाच असणार, रस्त्यावर खिळे असतातच. पूर्वी आपण काय बजावलं होतं ते त्यांनी तोंडातून काढलं नाही. माझा नवरा म्हणतो, त्यांनी एकदा तरी आप्पांना बोल लावला असता तर बरं झालं असतं.

गल्लीत कुणीही बोल लावला नाही. इंदूबाई रडली, आजारी पडली, पण आप्पांच्या दारात येऊन शिव्या दिल्या नाहीत. लोक समोर आले की नशिबाची भाषा बोलायचे. माझी सासू तेवढी एक दिवस जिजीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि म्हणाली, टायर मीच निवडले होते. जिजी तिला म्हणाली की निवडण्यात चूक नव्हती. आजही मी विचार करते की चूक नेमकी कुठे होती. आळशी माणसाने तोच टायर रोज वापरून वर्षभरात झिजवला असता, फेकला असता, आणि शोभाला आता नातवंडं असती. आप्पांनी तो जपला. हे मला अजून पचलेलं नाही.

त्यांनी टेम्पो विकून टाकला आणि पांडेसऱ्यात एका मिलच्या दारावर वॉचमन म्हणून बसायला लागले. आखाजीला सुना पुन्हा घरी राहू लागल्या. ज्यांचे भाऊ येत त्या जात, बाकीच्या मोरीत बसून भांडी घासत. आप्पांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. फक्त जिजी एकदा मला म्हणाली की आखाजीच्या दिवशी ते पहाटेच्या एसटीने कुठेतरी जातात आणि संध्याकाळी उपाशी परत येतात. कुठे जाता म्हणून विचारलं तर तंबाखू मळायला लागतात.

ज्या पावसाळ्यात आप्पा वारले, त्याच्या आधीच्या आखाजीला मला ते कळलं. त्या वर्षी माझा भाऊ मला न्यायला आला होता. आम्ही एसटीने चाललो होतो. दहिवेलच्या पुढे शोभाच्या गावाच्या फाट्यावर गाडी थांबली, काही माणसं उतरायला लागली. भर दुपार होती. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली आप्पा बसले होते, गावाकडे पाठ करून. भाऊ म्हणाला, हा म्हातारा दर आखाजीला इथे येऊन बसतो म्हणतात, गावात पाऊल ठेवत नाही. मी खिडकीतून हाक मारणार होते, तेवढ्यात गावाच्या वाटेने शोभाची आई येताना दिसली. हातात झाकलेलं ताट होतं. तिने ताट आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. आप्पांनी ताटाला हात लावला नाही आणि तीही परत गेली नाही. ती त्यांच्यापासून थोडी दूर, त्याच झाडाखाली बसली, पदर डोळ्यांवर ओढून घेतला उन्हासाठी, आणि आमची गाडी निघाली तेव्हा ती दोघंही सुरतेकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होती.